सोलापूरच्या कार्यालयात आणि मैदानात बेस गिटारचा सूर स्वच्छ ऐकू यावा म्हणून

सोलापुरातल्या एखाद्या मंगल कार्यालयात ऑर्केस्ट्रा रंगात आलेला असताना मागच्या रांगेत जाऊन उभे राहिले, की बहुतेक वेळा एकच अनुभव येतो. बेस वाजतो आहे हे छातीला कळते, पण कोणता सूर वाजतो आहे हे कानाला कळत नाही. गुळगुळीत फरशी, पत्र्याचे किंवा स्लॅबचे छत आणि समोरासमोरच्या उघड्या भिंती यांच्यामध्ये खालचे सूर एकमेकांत मिसळून जातात, आणि गायकाला आधार देण्याचे बेसचे मूळ काम बाजूला राहते. अशा वेळी वादक ॲम्पवरचा बेसचा नॉब आणखी वर नेतो आणि गढूळपणा वाढतो. माझ्या अनुभवाने मी ठामपणे सांगतो, की चांगला बेस हा खालचा आवाज वाढवून मिळत नाही. तो खालचा आवाज आवरून आणि मधला पट्टा जपून मिळतो. हे कसे करावे, ते प्रत्यक्ष कामाच्या क्रमाने येथे मांडत आहे.

कानाला सूर कुठून कळतो

चार तारांच्या बेस गिटारवर सर्वात जाड, म्हणजे चौथी तार मोकळी वाजवली की ई, म्हणजे हार्मोनियमची पांढरी तीन, सुमारे ४१ हर्ट्झवर येते. त्यानंतरच्या तारा अनुक्रमे ५५, ७३ आणि ९८ हर्ट्झच्या असतात, आणि पाच तारांच्या वाद्यातली बी जवळजवळ ३१ हर्ट्झपर्यंत खाली जाते. मात्र तार छेडली की ४१ हर्ट्झच्या बरोबरीने ८२, १२३, १६४ असे त्याच्या पटीतले स्वरही वाजतात, आणि आपला मेंदू या वरच्या स्वरांमधल्या अंतरावरून मूळ सूर ओळखतो. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरवर ४१ हर्ट्झ जवळपास वाजतच नाही, तरीही गाण्यातली बेसची चाल आपल्याला गुणगुणता येते, ती याचमुळे. म्हणून सूर ओळखू यावा असे वाटत असेल तर १०० ते ८०० हर्ट्झचा पट्टा स्वच्छ राहिला पाहिजे. त्याखालचा भाग भरीवपणा देतो, पण सूर सांगत नाही.

सर्वात आधी वीज

आवाजाकडे वळण्यापूर्वी बोर्ड तपासावा. साधा मल्टिमीटर जवळ ठेवावा आणि फेज व न्यूट्रल यांच्यामध्ये २०७ ते २५३ व्होल्टच्या दरम्यान दाब आहे ना, फेज व अर्थ यांच्यामध्ये जवळपास तेवढाच आहे ना, आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यामध्ये मोजकेच व्होल्ट आहेत ना, हे पाहावे. एका कार्यालयात अर्थिंग नसलेल्या बोर्डावर माझा ॲम्प होता आणि मिक्सर दुसऱ्या बोर्डावर होता. कोरससाठी माईककडे वाकलो तेव्हा ओठाला असा झटका बसला की पुढची दोन गाणी हात थरथरत होते. तेव्हापासून ॲम्प, मिक्सर आणि कीबोर्ड यांना एकाच ठिकाणाहून वीज मिळावी, असा माझा आग्रह असतो. त्यामुळे झटक्याचा धोका कमी होतो आणि ५० हर्ट्झची गुणगुणही बहुतांशी जाते.

तरीही गुणगुण राहिली, तर काही जण प्लगची अर्थची पिन काढून टाकतात. असे कधीही करू नये, कारण तीच पिन वादकाचा जीव वाचवते. त्यासाठी डीआय बॉक्सवर, म्हणजे बेसचा आवाज मिक्सरकडे नेणाऱ्या छोट्या डबीवर, ग्राउंड लिफ्टचे बटण असते, ते दाबावे; ते केवळ आवाजाच्या वायरीतली अर्थची जोडणी तोडते. परदेशातून नातेवाइकांनी आणलेला ॲम्प असेल तर मागच्या बाजूला लिहिलेला व्होल्टेज वाचल्याशिवाय तो लावू नये. केवळ १२० व्होल्टवर चालणारा ॲम्प आपल्या २३० व्होल्टवर क्षणात जळतो. गावाकडच्या कार्यक्रमात जनरेटर असेल, तर मंडपातले सगळे दिवे लागल्यावर व्होल्टेज पुन्हा एकदा मोजावा.

वाद्य

बेस ॲक्टिव्ह, म्हणजे आत बॅटरीवर चालणारे सर्किट असलेला, असेल तर कार्यक्रमाच्या दिवशी नवीन ९ व्होल्टची बॅटरी घालावी. बॅटरी उतरली की आवाज फाटू लागतो आणि सगळे ॲम्पला दोष देतात. जॅक घातलेला असेपर्यंत ही बॅटरी खर्च होत असते, म्हणून मधल्या वेळेत जॅक काढून ठेवावा. तार शेवटच्या फ्रेटवर, म्हणजे दांडीवरच्या शेवटच्या आडव्या पट्टीवर, दाबून धरली असता पिकअप (तारांचा कंप टिपणारा चुंबकी भाग) आणि तार यांच्यात साधारण अडीच ते तीन मिलिमीटर अंतर असावे, आणि चारही तारा सारख्या मोठ्या ऐकू येतील अशा रीतीने पिकअपचे स्क्रू फिरवावेत. उन्हात उभ्या असलेल्या गाडीतून काढलेले वाद्य लगेच लावू नये. मंचावर वीस मिनिटे ठेवून मगच सूर मिळवावा, कारण तापलेल्या तारा सैल होऊन सूर उतरवतात आणि गार होताना पुन्हा चढवतात.

ॲम्प, कॅबिनेट आणि मधली वायर

नवीन वादक मला पहिला प्रश्न विचारतात तो वॅटचा. वॅट दुप्पट केले तरी आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला दुप्पट वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. ३०० ऐवजी ५०० वॅटचा ॲम्प घेतला तर जेमतेम २ डेसिबल मिळतात, मग त्यासाठी जादा पैसे घालण्यापेक्षा तसेच दुसरे कॅबिनेट शेजारी खेटून ठेवणे कितीतरी फायद्याचे ठरते. अँपेग कंपनीचा १९६९ सालचा प्रसिद्ध एसव्हीटी ॲम्प ३०० वॅटचा होता आणि त्याच्यासोबत आठ-आठ स्पीकरची प्रचंड कॅबिनेटे लावली जात, कारण त्या काळात सभागृहातली ध्वनियंत्रणा मुख्यतः गायनासाठी असे आणि बेसला प्रेक्षकांपर्यंत स्वतःच्या बळावर पोहोचावे लागे. आज प्रेक्षकांपर्यंत बेस पोहोचवण्याचे काम मोठी यंत्रणा करते, त्यामुळे मंचावरचा ॲम्प आपल्याला आणि ड्रमरला ऐकू आला की पुरे. कार्यालयासाठी २०० ते ३०० वॅट आणि १२ इंचांचा एक किंवा १० इंचांचे दोन स्पीकर यांवर माझे काम निभते.

ओहमचा हिशेब मात्र चुकू देऊ नये. ८ ओहमची दोन कॅबिनेटे ॲम्पला जोडली की एकूण ४ ओहम होतात, आणि ४ ओहमची दोन जोडली की २ ओहम. ॲम्पच्या पाठीमागे किमान ४ ओहम लिहिलेले असेल तर २ ओहमवर तो तापून बंद पडतो किंवा जळतो. काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या ट्यूब ॲम्पचे शास्त्र वेगळे आहे: स्पीकर न जोडता तो कधीच सुरू करू नये, आणि त्याच्या मागच्या खाचांवर लिहिलेला ओहम कॅबिनेटशी जुळला पाहिजे.

ॲम्प आणि कॅबिनेट यांच्यामध्ये गिटारची केबल वापरणे ही येथे सर्रास दिसणारी चूक आहे. बाहेरून ती सारखीच दिसते, पण तिच्या आतली तार केसासारखी बारीक असते आणि ती तापते. वायरमन ज्याला अडीच एमएमची वायर म्हणतात तशी दोन पदरी तांब्याची वायर आणि दोन्ही टोकांना स्पीकॉन, म्हणजे फिरवून अडकणारे स्पीकरचे प्लग, बसवून घेतले, की वर्षानुवर्षे चिंता राहत नाही. दोन कॅबिनेटे लावल्यावर आवाज उलट पातळ झाला, तर एकाची जोडणी उलटी आहे असे समजावे. हे तपासण्यासाठी कॅबिनेट ॲम्पपासून सोडवून त्याच्या वायरला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवावा. सेलचे धन टोक वायरच्या धन टोकाला लागताच स्पीकरचा कागद बाहेर यायला हवा, आणि दोन्ही कॅबिनेटांत तो एकाच दिशेने हलायला हवा.

मंचावर कॅबिनेट कोठे ठेवावे

कॅबिनेट मागच्या भिंतीला जवळजवळ टेकवून ठेवावे, किंवा भिंतीपासून बरेच दूर ठेवावे. १ ते दीड मीटर अंतरावर मात्र ठेवू नये. भिंतीवर आपटून परतलेला आवाज त्या अंतरावर सुमारे ५७ ते ८६ हर्ट्झच्या दरम्यानचे सूर खाऊन टाकतो, आणि बेसचा अर्धा जीव याच पट्ट्यात असतो. कोपऱ्यात ठेवले तर सगळे खालचे सूर फुगतात, म्हणून बंद कार्यालयात कोपरा टाळावा आणि खुल्या मैदानात भिंत मिळाली तर तिचा आधार जरूर घ्यावा.

मंडपवाल्यांचा मंच लोखंडी सांगाड्यावर फळ्या टाकून केलेला असतो. तो आतून पोकळ असल्यामुळे डफासारखा घुमतो. कॅबिनेटखाली जाड रबर किंवा दाट फोम घालावा. घडी केलेली चादर घातली तर कॅबिनेट घसरत नाही आणि खडखड थांबते, पण घुमणे फारसे कमी होत नाही. लहान कॅबिनेट जमिनीवर असेल तर त्याचे मधले आणि वरचे सूर आपल्या पोटऱ्यांवर आदळतात आणि कानापर्यंत पोहोचतच नाहीत. मग आपण आवाज वाढवतो आणि पहिल्या रांगेतले लोक त्रासतात. भक्कम खोक्यावर ठेवून ते कानाच्या दिशेने किंचित मागे कलते करावे.

गेन, मग बाकीचे

ईक्यूचे, म्हणजे खालचे, मधले आणि वरचे सूर कमी-जास्त करणारे, सगळे नॉब मध्यावर आणि मास्टर, म्हणजे एकूण आवाजाचा नॉब, शून्यावर ठेवून, कार्यक्रमात जितक्या जोरात वाजवणार आहोत तितक्या जोरात चौथी तार वाजवावी. आवाज फाटू लागल्याचे दाखवणारा क्लिपचा लाल दिवा अधूनमधून चमकेपर्यंत गेन, म्हणजे वाद्याकडून येणाऱ्या आवाजाची पातळी, वाढवावा आणि तेथून थोडा मागे घ्यावा, मगच मास्टर उघडावा. साउंडचेकला हलक्या हाताने वाजवून कार्यक्रमात जोर लावणारे वादक मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांचा आवाज पहिल्याच गाण्यात फाटतो.

ईक्यू करताना आधी कमी करावे, वाढवायचे ते नंतर पाहावे. २०० ते ३०० हर्ट्झच्या आसपास ३-४ डेसिबल कमी केले की कोंदटपणा जातो. ४० हर्ट्झच्या खालचे हाय-पास फिल्टरने काढून टाकावे. पाच तारांच्या वाद्यासाठी ही मर्यादा ३० वर आणावी. त्यानंतर ५०० ते ८०० हर्ट्झमध्ये २-३ डेसिबल वाढवावे, कारण सुराची ओळख येथेच पटते. २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये तारेची आणि बोटांची खरखर असते, ती गाण्याला हवी तेवढीच ठेवावी. असा आवाज एकट्याने ऐकताना थोडा कोरडा, नाकातून आल्यासारखा वाटतो, आणि येथेच वादकाचा धीर सुटतो. घरी एकट्याने वाजवताना मधला पट्टा खाली आणि दोन्ही टोके वर असा आवाज फार गोड लागतो हे खरे आहे, परंतु ड्रम, कीबोर्ड आणि गिटार सुरू झाले की तोच आवाज त्यांच्यात बुडून जातो. निर्णय नेहमी सगळी वाद्ये वाजत असतानाच घ्यावा.

कॉम्प्रेसर, म्हणजे जोराचे सूर आपोआप दाबणारे यंत्र, असेल तर चारास एक हे प्रमाण ठेवून जोराच्या सुरांवर ३ ते ६ डेसिबल दाब पडेल इतकाच वापरावा.

खोलीचा सूर शोधणे

या लेखातला सर्वात महत्त्वाचा भाग हा आहे, म्हणून येथे थोडे थांबतो. प्रत्येक बंद जागेला स्वतःचे काही सूर असतात. दोन समांतर पृष्ठभागांमधले अंतर मीटरमध्ये घ्यावे, त्याची दुप्पट करावी आणि ३५० ला, म्हणजे ध्वनीच्या मीटर प्रति सेकंदातल्या साधारण वेगाला, त्या संख्येने भागावे; जो आकडा येतो तितक्या हर्ट्झवर आणि त्याच्या पटींत ती जागा घुमते.

माझ्या सरावाच्या खोलीचे छत १० फुटांवर, म्हणजे ३.०५ मीटरवर आहे. ३५० भागिले ६.१ केले की ५७.४ येते, आणि ए शार्प, म्हणजे काळी पाच, ५८.३ हर्ट्झवर असते. ही पट्टी गायिकांच्या रोजच्या वापरातली. गाणे काळी पाचमध्ये असले की बेसचा षड्ज आणि खोलीचा सूर जवळजवळ एकच होतात. पण खरी गंमत पुढे आहे. मी तिसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर तो सूर धरून उभा राहतो तेव्हा मला तो दबलेला ऐकू येतो, आणि वाद्य न थांबवता गुडघ्यांवर खाली बसलो की तोच सूर अचानक फुगून कानात भरतो. जमीन आणि छत यांच्या बरोबर मध्यावर या सुराचा दाब सर्वात कमी असतो, आणि उभ्या माणसाचे कान नेमके तेथेच येतात. उभा वादक सूर कमी पडतो म्हणून आवाज वाढवतो, आणि समोर सतरंजीवर बसलेल्या श्रोत्यांना मात्र त्या घुमण्याखाली गायिकेचे शब्दही ऐकू येत नाहीत.

म्हणून साउंडचेकच्या वेळी लांब केबल लावून मंचावरून खाली उतरावे. चौथ्या तारेच्या मोकळ्या सुरापासून पहिल्या तारेच्या पाचव्या फ्रेटपर्यंत एकेक अर्धस्वर सारख्या जोराने वाजवत जावे आणि कोणता सूर फुगतो, कोणता गायब होतो हे लक्षात घ्यावे. हीच चाल मध्यभागी, मागे आणि एकदा खुर्चीवर बसून वाजवावी. फुगणारा सूर सापडला की तीन उपाय आहेत. पॅरामेट्रिक ईक्यू असेल तर तेवढीच अरुंद पट्टी ४ ते ६ डेसिबल खाली आणावी. कॅबिनेट टेबलावर उचलून ठेवावे, म्हणजे छताचा सूर कमी जागा होतो. आणि तेही शक्य नसेल तर तो सूर वरच्या सप्तकात वाजवावा. काळी पाच असेल तर पहिल्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर ११६ हर्ट्झला तोच स्वर मिळतो.

हवामानाचाही यात वाटा आहे. जानेवारीत गड्डा यात्रेच्या दिवसांतल्या १८ अंशांच्या रात्री आणि मे महिन्यातल्या ४० अंशांच्या लग्नात ध्वनीचा वेग सुमारे ४ टक्क्यांनी बदलतो, म्हणजे त्याच कार्यालयाचा घुमणारा सूर निम्म्याहून अधिक अर्धस्वराने वर सरकतो. हिवाळ्यात केलेली मांडणी उन्हाळ्यात जशीच्या तशी लागू पडत नाही.

चादरींविषयी

आपल्या गावात घुमणाऱ्या जागेवर पहिला उपाय सुचतो तो चादरी लावण्याचा. सोलापुरी चादर जाड आणि घट्ट विणीची असल्यामुळे भिंतीपासून वीतभर पुढे, चुण्या पाडून टांगली तर झांजांचा, टाळ्यांचा आणि गायकाच्या आवाजाचा प्रतिध्वनी चांगला शोषते. परंतु खालच्या सुरांना ती अडवू शकत नाही, कारण १०० हर्ट्झच्या लहरीची लांबीच साडेतीन मीटर असते. चारही भिंती चादरींनी झाकल्या तर वरचे सगळे सूर मरतात आणि घुमणारा बेस तेवढा उरतो, म्हणजे दुखणे आणखी उघडे पडते. चादरी केवळ मागच्या भिंतीवर लावाव्यात. सरावाच्या खोलीत बेससाठी कापसाच्या जाड गाद्या गुंडाळून चारही कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत उभ्या कराव्यात. खालचा दाब कोपऱ्यांत सर्वाधिक असल्याने त्यांचा थोडाफार उपयोग तेथेच होतो.

साऊंडवाल्यांशी बोलणे

डीआयचे बटण प्री वर, म्हणजे ईक्यूच्या आधीचा आवाज बाहेर जाईल असे, ठेवावे, म्हणजे मंचावर मी माझा ईक्यू बदलला तरी बाहेरचा आवाज बदलत नाही. मी साधारण असे सांगतो: “दादा, बेसचा डीआय प्री ठेवलाय. हाय-पास चाळीसवर टाका, आणि आधी फक्त ड्रम आणि बेस ऐकू या.” एवढ्या दोन वाक्यांनी निम्मे काम होते. पायाने वाजवायच्या किक ड्रमला ६० हर्ट्झच्या आसपास जागा दिली तर बेसचे वजन ९० ते १०० वर ठेवावे; दोघांनाही एकाच ठिकाणी वाढवले तर कोणीच ऐकू येत नाही. सुगम संगीताच्या कार्यक्रमात किकच्या जागी तबल्याचा डग्गा असतो आणि त्याचा घुमारा साधारण ९०-१०० च्याच आसपास येतो, म्हणून तेथे मी बेसचा तो पट्टा थोडा कमी करतो आणि मींड घेणाऱ्या डग्ग्याला वाट मोकळी ठेवतो.

सब-वूफर, म्हणजे केवळ खालच्या सुरांचे मोठे स्पीकर, डाव्या-उजव्या टोकांना एकेक असतील, तर मधल्या वाटेवर बेस दणदणीत आणि तिच्या दोन्ही बाजूंना अनेक खुर्च्यांवर तो नाहीसा, असे होते. जागा असल्यास दोन्ही सब मंचासमोर मध्यभागी एकत्र ठेवण्याची विनंती करावी. मैदानात भिंतींचा आधार नसतो आणि अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने घटतो, त्यामुळे तेथे ॲम्प वाढवण्याऐवजी सबची संख्या वाढवणेच योग्य ठरते.

खालचे सूर भिंती ओलांडून शेजारच्या घरांत सर्वात आधी शिरतात, हेही ध्यानात ठेवावे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपकाला मनाई आहे आणि रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवतीची किमान १०० मीटरची जागा शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येते. ४० हर्ट्झखालचा अनावश्यक धक्का काढून टाकला की आजारी किंवा अभ्यास करणाऱ्या माणसाला होणारा त्रास खरोखर कमी होतो.

कार्यक्रम सुरू झाल्यावर

रिकाम्या कार्यालयात केलेली मांडणी माणसे भरल्यावर बदलते. माणसे आणि त्यांचे कपडे वरचे सूर शोषतात, पण खालचे तसेच राहतात, म्हणून पहिल्या दोन गाण्यांनंतर बेस पुन्हा जड वाटू लागतो. अशा वेळी खालचा नॉब थोडा कमी करावा. मास्टरला हात लावू नये. उन्हाळ्यात ॲम्पच्या पंख्यासमोर पडदा किंवा पिशवी येऊ देऊ नये. बंद करताना आधी साऊंडवाल्यांकडून बेसचा चॅनेल म्यूट करून घ्यावा, मग ॲम्पचा मास्टर शून्यावर आणून स्विच बंद करावा, आणि सर्वात शेवटी जॅक काढावा, म्हणजे स्पीकरला ठोका बसत नाही. गाडी भरण्यापूर्वी वहीत त्या कार्यालयाचे नाव, महिना, छताचा अंदाज, फुगलेला सूर आणि नॉबच्या जागा लिहून ठेवाव्यात. माझ्या वहीत एका कार्यालयापुढे गेल्या तीन लग्नसराईंत “काळी एक, डाव्या कोपऱ्यापासून दूर” असेच लिहिलेले आहे.